फॉरमॅट न मारणाऱ्या निर्मलाताई

निर्मलाताई गायधनींची आणि माझी ओळख वादावादीतून झाली. आम्ही एकाच शाळेत. त्या भौतिकशास्त्र शिकवत, मी मराठी. माझा जुना लॅपटॉप सुरू होईना म्हणून मी तो त्यांच्या इंदिरानगरच्या घरी नेला आणि म्हणालो, "सगळं पुसून फॉरमॅट मारून टाका." ताईंनी तो उघडलासुद्धा नाही. "आधी आत काय आहे ते सांगा," म्हणाल्या. मला रागच आला. पण एकही फाइल न गमावता त्यांनी तो सुरू करून दिला, वर चहाही पाजला. तेव्हापासून जुन्या संगणकांवर लिनक्स ही मोफत प्रणाली चढवायला दर रविवारी त्यांच्याकडे जमणाऱ्या मंडळींत मीही बसू लागलो.

तिथे येणारी यंत्रं बहुतेक कुणीतरी टाकून दिलेली. लिनक्स चढे, पण सुरू होताना मध्येच अडे. ताई पडद्यावरची शेवटची ओळ वाचत, एकच गोष्ट बदलत आणि पुन्हा सुरू करत. हा संथपणा मला बघवत नसे.

एका रविवारी पेठ तालुक्यातून भास्कर गावित सर आले. पाड्यापाड्यांवर फिरून बायांची गाणी त्यांनी लॅपटॉपवर रेकॉर्ड केली होती. लिनक्स अपडेट केल्यापासून पडदा काळाच. दुकानदाराचा सल्ला ठरलेला : फॉरमॅट.

"ताई, आई गेली माझी," सर म्हणाले. "तिची गाणी यातच हायत. दुसरीकडं कुठंच नाय."

ताईंनी बऱ्याच खटपटीनंतर विजेचं नियोजन करणारा भाग बंद ठेवून लॅपटॉप सुरू केला. पण त्याबरोबर आतला पंखाही बंद पडला आणि यंत्र तव्यासारखं तापू लागलं. बॅटरी केव्हाच मेलेली, दुपारचं भारनियमन तोंडावर. ताईंनी चारही कोपऱ्यांखाली पालथ्या वाट्या ठेवल्या, टेबलफॅन लावला, पेनड्राइव्ह खोचला.

"सर, आधी काय उतरवू?"

हे काय विचारणं झालं, असं मी बोलणारच होतो. गावित सर खाली बघत म्हणाले, "आधी गावातल्या बायांची. त्यांना शब्द दिलाय मी."

पडद्यावरची पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. मी घड्याळाकडे बघत होतो, सर यंत्राकडे. बायांची गाणी उतरली. ताईंनी आईच्या गाण्यांना हात घातला आणि वीज गेली.

वीज आली, पण ते यंत्र पुन्हा उठलं नाही.

"ऱ्हाऊ द्या ताई, लय केलंत," म्हणून सर निघाले. ताईंनी लॅपटॉप ठेवून घेतला. त्यातली डिस्क दुसऱ्या कुठल्या यंत्रात बसत नव्हती, म्हणून पुढे कित्येक आठवडे त्या तसल्याच मॉडेलसाठी भंगारवाल्यांची दुकानं पालथी घालत होत्या. "आता सोडा," असं मी सांगून पाहिलं. त्या ऐकतात कुणाचं! अखेर तुटक्या झाकणाचा एक मिळाला. त्यात सरांची डिस्क बसवली तेव्हा मी शेजारीच होतो. ताईंनी पेठला फोन लावला, सर फोनवर येताच त्यांच्या आईचं एक गाणं लावून रिसीव्हर स्पीकरपाशी धरला. गाणं संपलं.

"ताई," सर म्हणाले, "परत लावा."

ताईंच्या साठीच्या समारंभाला गावित सर येणार आहेत आणि आईचं ते गाणं स्वतः म्हणणार आहेत. ऐकून ऐकून त्यांना ते पाठ झालं आहे. ताईंना ठणठणीत प्रकृती आणि भरपूर आयुष्य लाभो, एवढंच मागतो. सरांच्या तोंडून त्यांच्या आईची अजून पुष्कळ गाणी ताईंना समोर बसून ऐकायची आहेत.