मामांनी गॅरेजात वीज नेली

आमच्या हिच्या मामांना पत्ता विचारून आजवर कोणी मुक्कामी पोचलेलं नाही. सरळ गोष्ट त्यांच्याकडे गेली की तिला फाटे फुटतात, आणि प्रत्येक फाट्याशी मामा मनापासून थांबतात. त्यात स्वभाव भिडस्त. समोरचा जे म्हणेल ते त्यांना पटतं. डॉक्टरांनी भात सोडायला सांगितला आणि शेजाऱ्यांनी पोळी, तेव्हा मामा चार दिवस नुसत्या आमटीवर होते. "दोघांचंही बरोबर आहे हो," असं वर मलाच समजावत होते.

चारकोपला त्यांचं बैठं घर आहे आणि अंगणापलीकडे, वीसेक पावलांवर, एक गॅरेज. गाडी त्यांच्याकडे कधीच नव्हती. तरी गेल्या वर्षी त्यांनी ठरवलं, की घरातून गॅरेजात वीज न्यायची. कशाला, असं विचारलं की म्हणत, "अहो, तिथे अंधार आहे ना!" त्यांनी तिघांचा सल्ला घेतला. एक म्हणाला वायर मीटरपासून घ्या, दुसरा म्हणाला स्वयंपाकघरातल्या प्लगवरून, तिसरा म्हणाला दारावरच्या बेलशेजारून. मामांनी तिन्हीकडून थोडं थोडं घेतलं. त्याचा नकाशा एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर काढून मला तासभर समजावला. मी इंजिनिअर आहे. मला कळला नाही.

चाचणीच्या दिवशी मामा गॅरेजात आणि मी घरातल्या बोर्डापाशी, दोघांच्याही कानाला फोन.

"लागला का दिवा?" मी विचारलं.

"नाही. तुमच्याकडे काय?"

"मामा, इथे फ्रिज बंद पडला."

"म्हणजे निघाली तिथून," मामा आनंदाने म्हणाले. "पोचेल आता."

थोड्या वेळाने दारावरची बेल आपोआप वाजायला लागली, ती थांबेना. आणि गॅरेजात दिवा लागला.

ही वायर त्यांनी अंगणातल्या, कपडे वाळत घालायच्या तारेला सुतळीने बांधून नेली होती. हे धोक्याचं आहे, असं मी म्हणालो. "बरोबर आहे तुमचं, जावईबापू," मामा म्हणाले आणि वायर तशीच राहिली. मीही फार आग्रह धरला नाही. वाऱ्याने घासून घासून तिचं आवरण फाटलं. एका रविवारी सकाळी मी तिथे असताना मामींनी ओली चादर तारेवर टाकली आणि किंचाळून मागे फेकल्या गेल्या. मी धावत जाऊन मेन स्विच पाडला. मामी पायरीवर बसून हात चोळत होत्या. मामा जवळ आले तेव्हा त्या आपल्या मालवणीत एवढंच म्हणाल्या, "माका मारूक निघालात काय ओ?"

मामांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी कोणाला काही विचारलं नाही. थेट वायरमनचं लायसन असलेल्या कांबळेबाईंना बोलावून आणलं. बाईंनी तार बघितली, प्लग बघितला, बेल बघितली.

"काका, हे केलं कोणी?"

"तिघांनी," मामा म्हणाले. मग म्हणाले, "नाही. मीच केलं."

बाईंनी सगळं उपटून काढलं. गॅरेजसाठी वेगळा स्विच बसवला, वीज गळाली की आपोआप पडणारा. अंगणात चर खणून त्यातून जाड केबल नेली, सोबत अर्थिंग. दिवा लागला, बेल गप्प राहिली. त्या गॅरेजात नक्की करायचंय काय, ते मला अजून समजलेलं नाही. मामा अधूनमधून जाऊन दिवा लावतात, बघतात आणि परत येतात.

परवा सकाळी मी गेलो तेव्हा मामा अंगणात होते. कपड्यांच्या तारेला उलटा हात लावत ते या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू चालले होते.

"मामा, तिथे वीज नाही आता," मी म्हणालो. "आणि बघायचंच असेल तर टेस्टर आहे ना घरात?"

"आहे ना," ते म्हणाले, आणि राहिलेली तार हाताने चाचपत पुढे गेले.

दारात मामी धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन उभ्या होत्या. बादली जड असावी. त्यांनी दोनदा हात बदलला. मामांनी वळून मान हलवली, तेव्हा त्या बाहेर आल्या.