'र'ची शेपटी

दापोडीच्या गल्लीत ज्योतीराम पेंटर एका खोलीत एकटा राहतो. अर्ध्या भोसरीच्या पाट्या त्यानेच रंगवलेल्या. अर्धांगवायूने उजवा हात गेला, तेव्हापासून ब्रश डब्यात वाळतोय. आमच्या कामगार मोर्चाचा कोरा फलक घेऊन मी गेलो, तर म्हणतो, "फ्लेक्स छापून घ्या, राव."

माझं डोकंच फिरलं. "अक्षर हातात नसतं, मेंदूत असतं! दहावी नापास असलो तरी डॉक्टरला खोदून विचारलंय मी. डाव्याने काढ."

त्याने रागारागाने ब्रश उचलला. पहिलं अक्षर जपून काढलं, ते थरथरलं. मग खांद्यातून एका दमात 'कामगार' ओढलं. ओळ वाकडी गेली, पण 'र'ची शेपटी तीच, खाली जाऊन ऐटीत वर वळलेली.

तो बघतच राहिला. "वळखू येतंय?"

"तुझीच की!"

"तुला वाचता येतं, भावा. तुझ्या कौशल्यावहिनीला येत नव्हतं. बसमधून शेपटी बघायची अन् म्हणायची, ही आमच्या मालकाची पाटी."

तिला जाऊन वर्ष झालं. ज्योतीरामने फलक दारात नेला आणि बसच्या रस्त्याकडे तोंड करून उभा केला.