दात टांगलेले असतात

दातांवर कीटण चढताना कोणाला दिसत नाही. रोज थोडं थोडं चढतं आणि एक दिवस जिभेला लागतं. किस्स्यांचंही तसंच आहे. भाईंदरच्या दातांच्या दवाखान्यात मी नऊ वर्षं होतो, दोन हजार सालानंतरची. दार उघडायचं, अवजारं धुवायची, पेशंटला हाक मारायची, एवढंच काम. तेव्हा वाटलंही नाही की इतकं साठेल. आता दुपारी आडवा झालो की एकेक जिभेला लागतो.

त्याआधी मी मिठागरावर होतो. मिठागर बंद झालं आणि ओळखीने ही नोकरी लागली. शाळा चौथीपर्यंत. मॅडम दादरहून इकडे राहायला आलेल्या, हिरड्यांच्या डॉक्टर. मला मामा म्हणायच्या.

*

पहिल्याच महिन्यात मॅडमनी मला प्लास्टिकचा जबडा दाखवला. मधोमध कापलेला. वर गुलाबी हिरडी, आत हाड, हाडात दाताचं मूळ.

"मामा, दात हाडात कसा बसलाय सांगा."

"चिखलात खांब रोवतात, तसा."

"नाही! टांगलेला असतो. मूळ आणि हाड यांच्यात केसाएवढी फट असते. त्या फटीत हजारो बारीक दोरे. एक टोक हाडात, एक मुळावर. चावलं की दात किंचित खाली जातो, परत वर येतो. झोळीसारखा. भातात वाळूचा कण आला तर लगेच कळतं ना? त्या दोऱ्यांना कळतं ते."

हे मला पटलं. मिठागरावर आम्ही खडा दाताखाली धरायचो. हे मीठ आपलं की शेजारच्याचं, ते डोळे मिटून सांगता यायचं.

त्या दुपारी मी डबा उघडला आणि घास चावता येईना. वाटलं, तोंडात सगळ्या झोळ्या हलतायत, कोणाची तरी झोप मोडेल.

मॅडम म्हणाल्या, "मामा, डबा परत नेताय?"

"हळू चावत होतो. तेवढ्यात सुट्टी संपली!"

*

घरी गेलो तो हिराकडे बघत बसलो. हिरा माझी बायको. लग्न होऊन आली तेव्हापासून तिला मशेरी. भाजलेली काळी तंबाखू पत्र्याच्या डबीत, पहाटे मागच्या पायरीवर बसायचं आणि बोटाने हिरड्यांना लावायची. तीस-बत्तीस वर्षं. आता तिच्या हिरड्या खाली उतरल्या होत्या आणि खालचे दोन दात हलत होते. हसायला आलं की पदर तोंडावर. मग हळूहळू हसायचीच बंद झाली.

"दवाखान्यात चल," मी म्हणायचो.

"तुमची मॅडम पक्कड घिऊनच बसलेली हाय!"

*

कापडदुकानवाले जयंतीभाई कीटण काढून घ्यायला आले. मॅडमनी तासभर मशीन चालवलं. जयंतीभाईंनी चूळ भरली, जीभ फिरवली आणि ओरडलेच.

"मॅडम, आपने तो सिमेंट निकाल दिया! सब हिल रहा है!"

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "भाई, दात आधीच हिल रहे थे. ही घाण धरून बसली होती म्हणून कळलं नाही. त्या घाणीनेच हाड खाल्लं. खरं सिमेंट आत आहे, मुळावर पातळ थर. दोरे त्याच्यात रुतलेले असतात. त्याला मी हात लावलेला नाही."

जयंतीभाईंनी मान डोलवली. सगळं समजलं. मग दारात मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "मामा, वो जो निकला ना, पुडी में बांध दो. बीस साल का माल है!"

*

काशीमीऱ्याला गॅरेज असलेला एक उस्ताद यायचा. मॅडम त्याला जबडा हातात धरून समजावत होत्या. हड्डी कम हो गई, धागे ढीले हो गए, दात अच्छा है लेकिन...

"मॅडम, सीधा बोलो ना! टायर ठीक है, शॉकअप गया!"

मॅडमना ते इतकं आवडलं की हायवेकडचा कोणीही आला की त्या तेच सांगायच्या. ड्रायव्हर लोक एका वाक्यात समजायचे.

मग एकदा शाळेतल्या एक हेडबाई आल्या. कडक स्टार्चची साडी. मॅडमनी तपासलं आणि सवयीने बोलून गेल्या, "बाई, तुमचे शॉकअप गेलेत!"

बाई उठल्या, पर्स घेतली, गेल्या. मी रिक्षापर्यंत मागे धावलो!

*

इथल्याच डोंगरी गावचा पास्कू मच्छीमार होता. त्याने तोंड उघडलं आणि मॅडमनी दिवा जवळ ओढला. खालचा हलता दात शेजारच्या दाताला बांधलेला. जाळं विणायच्या निळ्या धाग्याने!

"हे कोणी केलं?"

"मीच. वादल आला का आमी होड्या एकमेकींना बांदतो. एकली होडी आपटते. बांदल्या का ऱ्हातात."

मॅडमनी छोट्या आरशाने ती गाठ दोन्ही बाजूंनी बघितली.

"पास्कूकाका, आम्हीही हेच करतो. बारीक तारेने. मला हे शिकायला तीन वर्षं लागली!"

"मना बी लागली असती, बाय. पन वादल थांबत न्हाय."

धाग्यात घाण साठते म्हणून मॅडमनी तो कापला आणि तार बांधली. पण गाठ आधी त्याच्याकडून आपल्या बोटावर शिकून घेतली.

*

हे मी हिराला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

"दात उपटला न्हाय?"

"नाही."

"बांदला?"

"बांधला."

सूप हलवत म्हणाली, "टांगलेला हाय म्हनता. मंग दोरी कोनाच्या हातात हाय?"

"मॅडमलाच विचार," मी म्हणालो. सोमवारी मी चपला घालेपर्यंत ती रिक्षात जाऊन बसली होती.

मॅडमनी तिचे दात साफ केले, तार बांधली. म्हणाल्या, "मावशी, मशेरी आजपासून बंद. ती चालू राहिली तर हाड अजून खाली जाईल. मग तार धरणार कशाला? तीन महिन्यांनी बघू. तेव्हाही असंच असेल तर दोन्ही दात काढावेच लागतील."

हिराने मान हलवली.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती मागच्या पायरीवर बसलेली. मांडीवर डबी, बोट तोंडात.

तिसऱ्या दिवशीही. रोजच. मी दारातून बघायचो आणि परत वळायचो. काय बोलणार? चाळीस वर्षांची सोबत होती तिची. माझीही तेवढीच.

तीन महिने झाले. ती खुर्चीत बसली. मी कोपऱ्यात ट्रे पुसत राहिलो, वर बघवेना.

मॅडमनी दातावर अवजाराच्या दांड्याने दाबलं. पुन्हा दाबलं. "मामा, इकडे या. हिरडीचा रंग बघा! रक्त नाही, सूज नाही. मावशी, खरंच सोडलीत?"

"सोरली."

माझ्या तोंडून निघूनच गेलं, "हिरा, रोज पहाटे तर..."

तिने माझ्याकडे बघितलं. कमरेची डबी काढली आणि मॅडमच्या हातात दिली. मॅडमनी झाकण उघडलं, बोट लावलं, जिभेवर ठेवलं.

"मीठ!"

"बोटाला चालीस वर्सांची सवय हाय, बाय. त्याला कसा सांगू, डबीत मशेरी न्हाय म्हनून?"

"अहो, पण असं घासू नका, हिरडी सोलवटेल. पाण्यात विरघळवून गुळण्या करा!" मॅडम म्हणाल्या आणि हसायला लागल्या. हिराही हसली. पदर खांद्यावरच राहिला.

मी डबीतला एक खडा उचलला आणि दाताखाली धरला. डोळे मिटले.

आमच्याच मिठागराचं होतं, हिराने जपून ठेवलेलं. ते बंद होऊन तेव्हा सात वर्षं झाली होती.