मागचे लाल दिवे

साखरेच्या आजारानं ह्यांची नजर गेली, तेव्हापासून आमची गाडी मी चालवते. अगदीच गेली असं नाही. उजेड कळतो, समोर माणूस उभा आहे एवढं कळतं, पण वाचता येत नाही आणि रस्त्यावर तर भरवसाच नाही. सेलूतलं कापडाचं दुकान ह्यांनी भाच्याकडे सोपवलं आणि गाडीची चावी माझ्याकडे आली. उतारवयात, देवगाव फाट्याच्या रस्त्यावर सकाळी सकाळी जाऊन, गावातल्या क्लासवाल्याकडून मी शिकले.

मी चालवायला लागले तसे हे शेजारच्या सीटवर बसायचे, पण एक शब्द बोलायचे नाहीत. चुकलं तरी नाही, जमलं तरी नाही. मैत्रिणी म्हणायच्या, नशीबवान आहेस, आमचे तर ‘ब्रेक, ब्रेक’ करून जीव नकोसा करतात. मला मात्र वाटायचं, ह्यांनी एकदा तरी ओरडावं.

त्या दिवशी आम्ही परभणीहून परत आलो होतो. डोळ्यांच्या डॉक्टरांनी समजुतीनं सांगितलं होतं, की आता आहे तेवढं टिकवायचं, गेलेलं परत येणार नाही. हे ‘बरं’ म्हणाले आणि उठले. घरासमोर गाडी लावली, चावी काढली, ह्यांना हात धरून उतरवलं. दिवेलागण होत आली होती. मी गेटची कडी काढत होते, तेवढ्यात समोरच्या वहिनी ओट्यावरून म्हणाल्या,

“ताई, गाडीचे लाईट चालूच राह्यले की!”

मागे जाऊन पाहिलं, तर दोन्ही लाल दिवे लागलेले. गाडी बंद, चावी माझ्या मुठीत. मी दार उघडलं, चावी लावली, गाडी सुरू करून पुन्हा बंद केली. लाईटचं बटण मागेपुढे फिरवलं. दारं लॉक केली, उघडली. दिवे तसेच. गॅरेजच्या मेस्तरींना फोन लावला, तर मागे बँडचा आवाज.

“काकू, जिंतूरला लग्नात हाय मी. बॅटरीची वायर तेवढी काढून ठेवा, न्हाई तर सकाळपोतर बॅटरी उतरंल.”

वायर कशी काढतात हे मला कुठं माहीत! मी बॉनेटशी खटपट करत होते. हे गेटला धरून उभे होते.

“कोणते लाईट हायती?” त्यांनी विचारलं.

“मागचे. लाल.”

“फिक्के का भडक?”

“लय भडक.”

“मग ते ब्रेकचे हायती. त्याला चावी लागत न्हाई, सरळ बॅटरीवर चालतेत. ब्रेकचं पेडल हातानं वर उचलून पाह्य.”

मी वाकून पेडल वर ओढलं. वहिनी मागे उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, “हायतीच अजून.”

“सरक जरा,” हे म्हणाले.

गाडीला चाचपत ते आले. सीटच्या बाजूला खाली गुडघे टेकले, खांदा आत घातला आणि पेडलच्या दांडीवरून हात वर वर नेला. त्यांना असं वाकलेलं बघून मला काळजी वाटली. सकाळीच डॉक्टरांनी डोळ्यांत औषध घातलं होतं. “राहू द्या ना,” मी म्हटलं, पण त्यांचं लक्ष सगळं बोटांत होतं.

“गेले!” वहिनी ओरडल्या. मग लगेच, “आले परत!”

“सापडलं,” हे आतूनच म्हणाले. “इथं एक बारीक खुंटी हाय. पाय काढला की पेडल वर येऊन तिला दाबतं, अन् लाईट जातेत. पण पेडलला इथं भोक पडलंय, खुंटी त्यातून आरपार जायलीय. खाली काही पडलंय का पाह्य.”

मोबाईलच्या उजेडात पाहिलं. पायाखालच्या मॅटवर पिवळट, ठिसूळ तुकडे पडलेले. भोकात बसवलेलं बूच वाळून फुटलं होतं. तसलाच चुरा मी आधीही झाडून काढला होता, बिस्किटाचा समजून.

“रबराचं काहीतरी पायजे,” हे म्हणाले.

मला इन्सुलिनच्या रिकाम्या बाटलीची आठवण झाली. सकाळ-संध्याकाळ सुई मीच टोचते, त्यामुळे ते राखाडी बूच माझ्या चांगल्या ओळखीचं. वरून चपटं, खाली जाड देठ. पक्कडीनं बाटलीच्या तोंडावरचा पत्रा उचकटला, बूच काढलं. भोकाच्या मानानं ते जाड होतं. ओट्यावर बसून मी ब्लेडनं देठ तासत होते आणि हे बोटांत फिरवून सांगत होते, “अजून जरासं... ह्या अंगानं जास्त हाय.” दुकानात कापड चुटकीत धरून असंच ते गिऱ्हाइकाला पोत सांगायचे.

बूच घट्ट बसलं आणि दिवे गेले. वहिनींचा कुकर शिट्ट्या देत होता, त्या हसत आत पळाल्या.

“पण आता ब्रेक दाबल्यावर लागतेत का, ते पाह्यलं पायजे,” हे म्हणाले. “तू बस. मी मागं थांबतो.”

आत बसून ब्रेक दाबला. मागून आवाज आला, “लागले.” पाय काढला. “गेले.” पुन्हा दाबला. “लागले!” खातरी झाली होती, तरी मी आणखी काही वेळा दाबत राहिले.

उतरल्यावर विचारलं, “खरंच दिसले तुमाला?”

“सरळ पाह्यलं तर न्हाई दिसत. मधलंच जातं सगळं. जरा बाजूला पाह्यलं की कळतं.”

दोघांच्याही हाताला काळं लागलं होतं. नळाखाली हात धुताना मी म्हटलं, “डॉक्टर म्हणले त्याचं लय लागलं ना मनाला?”

“लागलं की.” त्यांनी पंच्याला हात पुसले. मग म्हणाले, “पण तुला एक सांगू? तुझ्या तोंडाकडं सरळ पाह्यलं तर नुसता धूर दिसतो. कानाकडं पाह्यलं की तू दिसतीस. पुरी न्हाई, पण हसायलीस का रुसलीस, एवढं कळतं.”

इतक्या दिवसांत त्यांनी हे मला सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. मी पदरानं डोळे टिपले. ते माझ्या कानाकडे बघत होते.

“अन् आता रडायलीस,” ते म्हणाले.

मेस्तरींनी सकाळी येऊन नवं बूच बसवून दिलं. ह्यांची ती सवय आता सगळ्यांच्या लक्षात येते. बोलताना ते माझ्याकडे बघतच नाहीत, असं पाहुण्यांना वाटतं. मी कुणाला समजावत बसत नाही. केस तेवढे कानामागं सारून ठेवते.