भाऊबीजेच्या दिवशी घाटाबिल्लोदला

गुरुवार, २३ ऑक्टोबर २०२५. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी देवासच्या घरासमोरून गाडी काढली. किल्ली फिरवल्यावर इंजिन नेहमीपेक्षा उशिराने सुरू झाले. गाडी तीन आठवडे उभी होती, म्हणून मी तिकडे फारसे लक्ष दिले नाही.

जायचे होते धारला, थोरल्या बहिणीकडे. अक्काला चौऱ्याऐंशी वर्षे पूर्ण झाली आहेत. मी तिच्याहून सहा वर्षांनी धाकटा. भाऊबीजेला मला ओवाळल्याशिवाय ती अन्नाला शिवत नाही. लग्न होऊन धारला आल्यापासूनचा हा तिचा नेम आहे. आता तिला मधुमेह आहे. सकाळी इंजेक्शन घ्यावे लागते आणि ते घेतले की लगेच खावे लागते. खायचे नाही म्हणून भाऊबीजेला ती इंजेक्शनही घेत नाही. त्यामुळे मी वेळेवर पोचणे ही आता निव्वळ रीत राहिलेली नाही. यंदा त्यात आणखी एका गोष्टीची भर पडली होती. तिचा मुलगा विनायक दुसऱ्याच दिवशी तिला हैदराबादला, आपल्याकडे, कायमची नेणार होता. धारचे घर बंद होणार होते. धारमधली ही आमची शेवटची भाऊबीज होती. साडेनवापर्यंत येतो, असे मी कळवले होते.

बसने जाण्याचा विचार केला नाही. या दिवशी माळव्यातल्या बसगाड्यांत पाय ठेवायला जागा नसते.

देवासात अजून जाग नव्हती. टेकडीवरच्या देवीला गाडीतूनच नमस्कार केला. औद्योगिक वसाहतीतले कारखाने दिवाळीसाठी बंद होते. त्यांतल्या एका कारखान्याच्या देखभाल विभागात मी चौतीस वर्षे काढली. फाटकापाशी एक पहारेकरी खुर्चीत बसला होता. त्याने मला ओळखले नाही. ओळखण्याचे कारणही नव्हते.

इंदूर शहरात न शिरता बाहेरच्या रस्त्याने राऊपर्यंत गेलो. सोयाबीन निघून गेलेली काळी शेते दोन्ही बाजूंना मोकळी पडली होती. कुठे कुठे गव्हासाठी नांगरट सुरू होती. राऊच्या पुढे गाडीने एक हिसका दिला. समोरच्या फळीवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला. मी कडेला थांबून तेल आणि पाणी पाहिले. दोन्ही ठीक होते. देवासातून निघताना एका नव्या पंपावर पेट्रोल भरले होते. पेट्रोलच वाईट असणार, असा निष्कर्ष काढून मी पुढे निघालो. तो निष्कर्ष चुकीचा होता.

पीथमपूरला मालवाहू ट्रकांची रांग रस्त्याच्या कडेने उभी होती. चालक मंडळी स्टोव्हवर चहा करीत होती. एरवी येथे भोंगे आणि पाळी सुटलेल्या कामगारांची गर्दी असते. त्या दिवशी दोन्ही नव्हते. गाडी आता चढावर ओढ घेईनाशी झाली होती. घाटाबिल्लोदला चंबळेचा पूल ओलांडला. पुढे मोठी होणारी ही नदी येथे अगदी साधी आहे. पुलानंतरच्या चढावर इंजिन बंद पडले. बराच वेळ किल्ली फिरवल्यावर सुरू झाले. पुन्हा बंद पडले. असे करीत करीत मी बाजारापर्यंत पोचलो.

सगळी गॅरेजे बंद होती. एका पत्र्याच्या शेडचे शटर मात्र अर्धे वर होते. आत पन्नाशीचा एक मिस्त्री टायरवर बसून चहा पीत होता. त्याचे नाव सलीम.

"आज तो छुट्टी है, बाबूजी," तो बसल्या जागेवरूनच म्हणाला.

शटर तर उघडे दिसते, असे मी त्याला म्हणालो.

"शटर तो हवा के लिए खोला है, भिया. घर में मेहमान भरे हैं." मग त्याने गाडीकडे पाहिले. "क्या हुआ इसको?"

पेट्रोल वाईट आहे, असे मी सांगितले. तो हसला. "जब खुद ही डॉक्टर हो तो मेरे पास काहे को आए?"

पण उठला. स्टिअरिंगखालच्या खाचेत त्याने आपले यंत्र जोडले. हे यंत्र गाडीच्या संगणकाने नोंदवलेली तक्रार वाचते. यंत्राच्या काचेवर अक्षरे उमटली : पी ०३४०.

"कैमशाफ्ट का सेंसर गया," सलीम म्हणाला. कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा. तो कोणत्या क्षणी कोठे आहे हे सेन्सर संगणकाला कळवतो. ते कळले नाही की संगणक चाचपडतो आणि इंजिन ओढ घेत नाही. "नया डलेगा. पर आज दुकान कौन खोलेगा? कल आओ."

उद्या येऊन चालणार नाही, असे मी सांगितले. कारण सांगितले नाही. ते शेजारच्या टपरीवर चहा करणाऱ्या बाईने काढून घेतले.

"कां जइ रिया हो, बासाब?" (कुठे निघालात, बाबा?)

"धार. बहन के यहाँ."

"अरे राम! तो बेन भूखी बेठी वेगी!" (मग बहीण उपाशी बसली असेल!) ती सलीमकडे वळली. "ए सलीम, चा रख दे नीचे. सुण्यो के नी?"

सलीमने पेला खाली ठेवला. "सुन लिया, काकी. पूरे घाटाबिल्लोद ने सुन लिया."

तिने मला पोहे देऊ केले. माझ्या उपाशी राहण्याने अक्काची साखर सुधारणार नव्हती. तरी मी नको म्हणालो.

शेडमागे माझ्या गाडीच्याच बनावटीची एक अपघातात मोडलेली गाडी होती. तिच्यातला सेन्सर सलीमने काढून आणला आणि माझ्या गाडीला बसवला. तक्रार पुसली. इंजिन एका झटक्यात सुरू झाले. आम्ही दोघे समाधानाने बॉनेट लावणार, एवढ्यात पिवळा दिवा पुन्हा लागला. यंत्राने तोच आकडा दाखवला.

"ये भी खराब निकला," सलीम म्हणाला.

तेवढ्यात विनायकचा फोन आला.

"मामा, कुठपर्यंत पोचलात?"

"घाटाबिल्लोद."

"अजून तिथेच? इकडे आई जिद धरून बसलीये. सुई लावू देत नाही. म्हणते, भाऊ नाही आला तर संध्याकाळी चंद्राला ओवाळीन नि मगच खाईन."

भाऊ नसलेल्या बायका चंद्राला ओवाळतात, अशी आपल्याकडे पद्धत आहे.

"शेजाऱ्यांकडून गाडी घेऊन मी येतो तुम्हाला घ्यायला," तो म्हणाला.

"तिला या अवस्थेत एकटी सोडू नकोस. फोन दे."

अक्काचा आवाज बारीक येत होता. "काय रे, काय मोडलं?"

"एक सेन्सर की काय तो. तू खाऊन घे."

"मला शिकवू नकोस. धाकटा आहेस. आणि गाडी नीट करूनच निघ, वाटेत पुन्हा अडकशील. मी काही इतक्यात मरत नाही."

मला 'अरे' म्हणणारे हे एकच माणूस आता उरले आहे. मी फोन ठेवला. रस्त्यावरून धारची एक बस गेली. दारात माणसे लोंबकळत होती. बस थांबली नाही. बारापर्यंत दुरुस्ती झाली नाही तर गाडी येथेच टाकून मिळेल त्या वाहनाने जायचे, असे मी ठरवले.

मग मी कोट काढला आणि यंत्रावरची ओळ पुन्हा वाचली. तिच्यात सेन्सर बिघडला असे म्हटलेले नव्हते. सेन्सरच्या जोडणीत दोष आहे, एवढेच म्हटले होते. जोडणीत सेन्सर येतो, त्याची खाच येते आणि तेथून संगणकापर्यंत जाणाऱ्या तीन तारा येतात. 'फोन लागत नाही' अशी तक्रार आली म्हणजे फोनच मोडला असे होत नाही. मी सलीमकडे मीटर मागितला.

"आप मिस्त्री हो क्या?"

"था."

"तो इतनी देर पेट्रोल-पेट्रोल क्या कर रिये थे?"

मी मीटरचे टोक पहिल्या तारेला लावले.

पहिल्या तारेत वीज येत होती. दुसरी जमिनीशी नीट जोडलेली होती. तिसरी, निरोप नेणारी तार, मीटरवर कधी जुळलेली दिसे, कधी तुटलेली. मी मीटर धरला आणि सलीम तारांचा जुडगा हाताने हळूहळू हलवत गेला. बॅटरीच्या मागच्या वळणाशी त्याचा हात आला आणि काटा पडला.

"यहीं है. पकड़ लिया चोर."

त्याने तारांवरचे काळे नळीसारखे वेष्टण उघडले. तिसऱ्या तारेचे आवरण कुरतडलेले होते. आतले तांबे दोन धाग्यांवर लोंबत होते. हिसका बसला की ते सुटत, गाडी थंड झाली की पुन्हा टेकत. त्याच्या खाली, कोपऱ्यात, झेंडूच्या वाळक्या पाकळ्यांचे आणि कापसाचे घरटे होते. त्यात तांदळाचे पिवळे दाणे होते आणि मुंग्या लागलेला गुळाचा खडा.

सलीमने एक दाणा चिमटीत धरला. "बाबूजी, ये पीला चावल इंजन में किसने डाला?"

मी टाकले होते. खंडेनवमीला आमच्या कारखान्यात यंत्रांची पूजा होई. आमच्या विभागाचा दंडक असा की वरच्या पत्र्याला गंध लावायचे नाही. झाकण उघडून जो भाग काम करतो त्यालाच हळदकुंकू, अक्षता, फूल आणि गुळाचा नैवेद्य. निवृत्तीनंतर मी तेच गाडीला करीत आलो. कारखान्यात दुसऱ्या दिवशी यंत्रे पुन्हा सुरू होत. उंदराला सवड मिळत नसे. माझी गाडी खंडेनवमीनंतर हललीच नव्हती. तिने कुठे जावे असे ठिकाण नव्हते.

हे मी शक्य तितक्या थोडक्यात सांगितले. सलीम टायरवर बसून हसला. काकीही आली आणि तिला पुन्हा पहिल्यापासून सांगण्यात आले.

"पूजा करी गाड़ी की और भोग लगाया चूहे को!" सलीम म्हणाला. "बाबूजी, अगले साल उसको सीधा घर पे न्योता दे देना."

मीही हसलो असेन. काकीने तसे म्हटले.

त्याने तारेची खराब टोके कापली, मध्ये नवा तुकडा घालून दोन्हीकडे डाख दिला, वर रबरी नळी चढवून ती काडीच्या आचेवर आवळली. डाख मी निरखून पाहिला. चांगला होता. मग त्याने मोडक्या गाडीचा सेन्सर काढून माझा जुनाच परत बसवला. त्यात काहीही बिघाड नव्हता. तक्रार पुसून आम्ही पुलापर्यंत जाऊन आलो. चढावर गाडीने ओढ घेतली. दिवा लागला नाही. मी मजुरी दिली. बारा वाजायला थोडा अवकाश होता.

"बहन को बोलना, चूहे की वजह से देर हुई," सलीमने मागून ओरडून सांगितले.

धारच्या रस्त्यावर मी एरवीपेक्षा वेगाने गाडी चालवली. लेबडचा फाटा, मग उघडा माळ, मग दूरवर किल्ल्याची तटबंदी. तळ्याच्या काठाने अक्काच्या गल्लीत वळलो तेव्हा विनायक रस्त्यावरच उभा होता.

खोलीत बांधलेली खोकी भिंतीशी रचली होती. मधल्या मोकळ्या जागेत पाट आणि त्याभोवती रांगोळी. अक्का शेजारी खुर्चीत बसून होती. चेहरा उतरलेला होता आणि ओठ कोरडे. तिने माझ्या हातांकडे पाहिले.

"आधी ते काळे हात धू."

मी हात धुऊन पाटावर बसलो. तिने ताम्हण उचलले तेव्हा विनायकने खालून हात लावला. तिने त्याला तो काढायला लावला. ओवाळणे झाले. मी ताम्हणात ओवाळणी घातली. त्यानंतर तिने दंड पुढे केला आणि विनायकने इंजेक्शन दिले. भांडी खोक्यांत गेली होती, म्हणून आम्ही पत्रावळींवर जेवलो : वरण, भात, बटाट्याची भाजी, आणि मला बाजारातली मावाबाटी (खव्याची तळून पाकात मुरवलेली मिठाई). अक्काने दोन वेळा भात घेतला. तिच्या चेहऱ्यावर रंग येईपर्यंत मी तिच्याकडे पाहत होतो. उंदराची हकीकत सांगितली. ती इतकी हसली की विनायकला पाणी आणावे लागले.

"पुढच्या वर्षी हैदराबादला ये," ती म्हणाली.

"बघू."

"म्हणजे येणार नाहीस." तिने पत्रावळ दुमडली. "तेराव्या मजल्यावर घर आहे म्हणे. चंद्र जवळच असेल."

विनायक म्हणाला, "आई, असं काय बोलतेस? मामांना विमानाचं तिकीट मी काढून देईन ना."

"त्याचे गुडघे बघ आणि मग तिकीट काढ." मग मला म्हणाली, "गाडी विकून टाक आता. कुठे नेणार आहेस?"

"देवासात कामे असतात."

"कसली?"

मी निघायची वेळ झाली असे म्हणालो. ती दारापर्यंत आली. पाया पडलो. तिने पाठीवर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही. गल्लीत माणसे होती. मीही सरलो नाही.

परतीच्या वाटेवर ऊन उतरत होते. घाटाबिल्लोदला सलीमचे शटर खाली होते. काकीची टपरीही बंद. गाडी उत्तम चालली. देवासपर्यंत दिवा लागला नाही. हा रस्ता मला खड्ड्यांसकट पाठ आहे. जाताना त्या दिवशी मला बोलणारी, रागावणारी, हसणारी माणसे भेटली होती, कारण कोणीतरी माझी वाट पाहत होते. यापुढे या रस्त्यावर मला काम नाही. प्रवासाबद्दल याहून अधिक सांगण्यासारखे माझ्याकडे नाही.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. विनायकला फोन करून अक्काची साखर किती आहे ते विचारले. ठीक होती. बॉनेट उघडून आतले घरटे, अक्षता, पाकळ्या सगळे झाडून काढले. गाडी आता किती काळ उभी राहील ते सांगता येत नव्हते. उभ्या गाडीत बॅटरी उतरू नये म्हणून दहा नंबरचा पाना घेऊन तिची ऋण बाजूची पकड सैल केली, तार बाजूला काढली आणि तिच्या टोकाला फडके गुंडाळले.