सोन्यात पुरलेले अणू

परदेशातल्या आमच्या प्रयोगशाळेत मराठी बोलणाऱ्या दोघीच. मी सांगलीची, ती आटपाडीची, वयाने लहान, माझ्या हाताखाली काम करणारी. तिथेच रस्ता ओलांडताना तिला गाडीने उडवलं आणि ती जागीच गेली. चार महिन्यांनी मी तिच्या वह्या घेऊन आटपाडीला गेले.

तिच्या वडिलांची हयात परराज्यात सोनं गाळण्यात गेलेली. मी टेकले न टेकले तोच त्यांनी विचारलं, "पोरी, ती म्हणायची, मीबी सोन्याचंच काम करते. खरं व्हतं काय?"

"खरं होतं, काका." मी सांगितलं, की होल्मियम नावाच्या धातूचे अणू आम्ही सोन्याच्या बारीकशा ठिपक्यात पुरतो. एखादा अणू आपलाच एक इलेक्ट्रॉन गिळतो. त्यातून न्यूट्रिनो नावाचा कण निसटून जातो. मागे राहिलेल्या ऊर्जेने सोनं किंचित तापतं. ती ऊब मोजत राहायची आणि निसटलेल्याचं वजन काढायचं.

"मग किती भरलं?"

"अजून नाही कळलं. अमक्यापेक्षा जास्त नाही, एवढंच सांगता येतं."

त्यांनी मान हलवली. "भावाच्या लग्नाला यायची व्हती. तिकीट काढलं व्हतं. मग म्हणली, सुट्टी न्हाई. कुणी अडवली तिला?"

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. आमचं यंत्र अवकाशातल्या पोकळीपेक्षाही थंड करावं लागतं, आणि तिच्याइतकं ते कुणालाच जमत नव्हतं. 'एवढी मोजणी होऊ दे, मग जा,' असं मी म्हटलं होतं. ती म्हणाली होती, "चालेल, ताई." लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी तिला गाडीने उडवलं.

"मीच, काका."

तिची आई दारात उभी होती. "लय रडली व्हती फोनवर," एवढंच ती बोलली.

काका उठून बाहेर गेले. आईने ताट वाढलं. मी दोन घास खाल्ले आणि ताट बाजूला सारलं. निघताना काकांनी वह्या परत माझ्या हातात ठेवल्या. "आमास्नी ह्यातलं काय वाचता येत न्हाई. तुमीच ठेवा."

आल्यापासून पोरी म्हणत होते. आता तुमी.

एसटीत मी सांगलीपर्यंत वह्या मांडीवर धरून बसले. तिला थांबवून केलेली ती मोजणी, आकड्यांत भलतेच संकेत मिसळल्यामुळे, आम्हाला बाद करावी लागली होती. तेवढं मात्र माझ्या तोंडून निघालं नाही.