रेसच्या तारेतलं ग्रीस

नूर मोहम्मदचा राग सावली गावात सगळ्यांना ठाऊक होता. त्याच्या गॅरेजात येणारा माणूस आधी त्याच्या कपाळावरच्या आठ्या मोजायचा आणि मगच गाडीचं गाऱ्हाणं काढायचा. "ड्रायव्हरनं बिघडवली" असं म्हणणाऱ्या मालकाला तर तिथं चहाही मिळत नसे. नूरचे वडील धानोऱ्याच्या बाजारात सायकली दुरुस्त करायचे. काटा रस्त्यात असायचा, पंक्चर टायरात व्हायचं आणि शिव्या मात्र वडील खायचे. ते बघत मोठा झालेला हा माणूस चंद्रपूरला खाणीचे ट्रक खोलायला शिकला, खातूनशी लग्न करून सावलीत आला आणि चाळीस वर्षं धानपट्ट्यातले ट्रॅक्टर चालते ठेवत राहिला. वडिलांच्या वाट्याची चीड त्यानं एवढी वर्षं जपून ठेवली होती.

त्यामुळे गुणवंतराव शेठच्या लाल गाडीची भानगड कानावर आली, तेव्हा तो पेटलाच.

गुणवंतरावांची भाताची गिरणी होती आणि हौस दांडगी. दोन दारांची, जमिनीला टेकेल इतकी बुटकी, पंचवीस वर्षांपूर्वीची परदेशी स्पोर्ट्स कार त्यांनी नागपुराहून आणली होती. स्टिअरिंगमागे शेठचं पोट काही मावेना. म्हणून गिरणीत बावीस वर्षं काम करणारा ड्रायव्हर देवराव ती चालवायचा आणि शेठ शेजारी बसून लोकांचे रामराम घ्यायचे. एरवी गाडी गिरणीच्या शेडमध्ये उभी असायची.

गुरुवारी देवराव एकटाच मूल गावाहून गाडी परत आणत होता. पुढं धानानं भरलेला ट्रक होता. त्याला मागं टाकायला देवरावनं रेस पूर्ण दाबली, ट्रक मागं पडला, त्यानं पाय उचलला, पण गाडी धावतच राहिली. ब्रेक पुरेना. त्यानं गिअर काढला, चावी फिरवली, तोवर गाडी रस्त्याकडेला केसरबाई नावाच्या शेतकरणीनं रचलेल्या पुंजण्यात, कापलेल्या धानाच्या गंजीत घुसली. केसरबाईनं बाजूला उडी मारली म्हणून जीव वाचला, पण तिचं मनगट मोडलं.

त्याच संध्याकाळी गिरणीच्या गेटवर, सगळ्या हमालांसमोर, शेठनी देवरावच्या हातातून चाव्या काढून घेतल्या. "पेलेल्या माणसाच्या हाती मी गाडी देत नाई," ते म्हणाले. सोमवारी पोलिसांतही तसंच लिहून देतो म्हणाले. देवरावनं जन्मात दारूला हात लावला नव्हता. पण गावाला तेवढं पुरलं. शुक्रवारी पानठेल्यावरची माणसं त्याचं तोंड हुंगायला लागली. लायसन गेलं, काम गेलं तरी माणूस कुठंतरी पोट भरतो. हे बेवड्याचं नाव मात्र सोमवारी कागदावर चढलं असतं आणि जन्मभर पुसलं गेलं नसतं.

नूर मोहम्मद ट्रॅक्टर घेऊन गेला आणि लाल गाडी ओढून गॅरेजात आणली. शेठ म्हणाले, नागपूरच्या मेस्त्रीनं फोनवर सांगितलं, अशात गाडीचा नाही, पायाचा दोष असतो.

"त्यानं गाडी पाह्यली का?" नूरनं विचारलं. "फोनवरून पाय दिसला काय त्याले?"

दोन दिवस त्यानं गाडी पिंजून काढली. या गाडीत पाय आणि इंजिन यांच्यामध्ये कुठला कम्प्युटर नव्हता, एक तार होती फक्त. पायाखालची मॅट सरकून पेडलवर चढते का बघितलं. ती हुकात घट्ट होती. पेडलचा सांधा बघितला. हवा आत सोडणारी झडप धुतली, तिची स्प्रिंग ताणून बघितली. शंभर वेळा पेडल दाबलं आणि शंभर वेळा ते टुणकन वर आलं. खातूनचा डबा दोन्ही दिवस तसाच परत गेला. नूरला शेठचा राग आला, नागपूरवाल्याचा आला, या दिखाऊ गाडीचा आला, आणि रविवारी सकाळी, कुठंच काही सापडेना तेव्हा, समोर बाकावर बसलेल्या देवरावचाही आला.

"खरं सांग देवराव," तो ओरडला, "दारू पेलता का तू?"

देवराव बाकावरून उठला.

"तुमी पण, नूरभाऊ," तो म्हणाला. मग बॉनेटवर हात ठेवला. "दोन दिवसापासून थंड्या गाडीची नाडी पाहून राह्यले तुमी. मी मूलहून येत होतो, इंजिन तापलं होतं. आन् रेस मी बुडापर्यंत दाबली होती. शेठ बाजूले असले का तेवढी दाबूच देत नाई. मले कोणी विचारलं तर सांगन ना."

नूरचे कान गरम झाले. साधी गोष्ट होती आणि त्यानं ती विचारली नव्हती.

त्यानं इंजिन अर्धा तास चालू ठेवलं, चांगलं तापू दिलं, मग बंद केलं. देवरावला आत बसवून पेडल बुडापर्यंत दाबायला सांगितलं आणि स्वतः इंजिनावर वाकला.

"सोड."

देवरावनं पाय उचलला. पेडल खालीच राहिलं. झडप उघडीच राहिली.

नूरनं तार तिच्या नळीतून ओढून काढली. तिच्यावर तपकिरी, चिवट थर बसला होता, दुधाच्या भांड्याच्या बुडाशी खरवड धरते तसा. त्यानं नखानं तो खरवडला, बोटांत चोळला. आत तांदळाचा कोंडा होता आणि कोंड्याला धरून ठेवणारं पिवळं ग्रीस होतं. इंजिन तापलं की हा लगदा चिकट व्हायचा आणि बुडापर्यंत ओढलेली तार मागं सोडत नसे. ते ग्रीस त्यानं लगेच ओळखलं.

दरवर्षी चिखलणीच्या आधी तो गावातल्या प्रत्येक ट्रॅक्टरच्या तारांत हेच ग्रीस ठासून भरायचा. बांधीतला, धानाच्या खाचरातला चिखल नळीत शिरला तर तार धरते, म्हणून. चाळीस वर्षांत त्याच्या हातचा एकही ट्रॅक्टर त्यामुळे अडला नव्हता. जूनमध्ये शेठचे सहा ट्रॅक्टर झाल्यावर त्याच हातानं, त्याच डब्यातून, त्यानं या गाडीच्या तारेतही ग्रीस भरलं होतं. या तारेच्या नळीला आतून गुळगुळीत प्लास्टिक होतं, तिला कोरडंच ठेवायचं असतं. आणि या गाडीनं चिखल कधी बघितलाच नव्हता. तिनं बघितला तो गिरणीच्या शेडमधला, रात्रंदिवस उडणारा कोंडा.

आपल्या दोन्ही हातांची त्याला किळस आली. बाजूला फडकं पडलं होतं. एकदा पुसलं की झालं असतं, जुनी तार अडकली म्हणायचं, देवरावही सुटला असता. फडक्याकडे त्याचा हात गेलाही.

"मंग?" देवरावनं आतूनच विचारलं. "माझा पाय नव्हता ना?"

"नव्हता."

"मंग कोणाची चूक?"

"माझी," नूर म्हणाला, आणि ग्रीसची सगळी हकिकत सांगितली.

देवराव बाहेर आला. त्याचा चेहरा उजळला वगैरे नाही, काळाठिक्कर पडला. "आन् मघाशी मले विचारत होते," तो म्हणाला. "चाला गेटवर."

हंगाम होता, गिरणी रविवारीही चालू होती. हमाल पोती उतरवत होते. नूरनं तार शेठसमोर धरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. गुणवंतरावांनी इकडंतिकडं बघितलं, मग त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"जाऊ द्या नूरभाऊ. माणूस चुकते. तार जुनी होती म्हणू."

नूरनं तो हात झटकून टाकला. एवढा राग त्याला आयुष्यात आला नव्हता.

"मले एका मिनिटात माफी, शेठ? केसरबाईचं मनगट मी मोडलं. याले मात्र तीन दिवसात कोणी विचारलं नाई, का गाडी कशी पळाली म्हणून. तुमी नाई, मी नाई."

शेठनी खिशातून चाव्या काढून देवरावपुढं धरल्या. देवरावनं हात मागं बांधले.

"गुरुवारी जे बोलले ते आधी वापस घ्या," तो म्हणाला. "इथीच. याच गेटवर."

हमाल थांबले. शेठनी आधारासाठी नूरकडे बघितलं. नूर सरकून देवरावच्या शेजारी जाऊन उभा राहिला, तार तशीच हातात.

"मी सकाळी याले विचारलं, पेलता का म्हणून," तो म्हणाला. "मी माझं वापस घेतो. आता तुमचं."

आणि दोघंही शेठच्या तोंडाकडे बघत उभे राहिले.